बन्सी नानांची दुसरी बॅटरी

विजेसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेकडे स्वतःची वीज नव्हती. ही पहिली लाज, म्हणून आधीच सांगून टाकतो. गावोगाव जाऊन आम्ही भोंग्यावरून ओरडायचो, की रीडिंग न घेताच बिलं फाडतात, ट्रान्सफॉर्मर जळाला तर बदलायला कुणी फिरकत नाही. आणि तो भोंगा चालायचा कुणाच्या तरी घरातून ओढलेल्या वायरवर. सभा रंगात आली की लाइट जायची. मग आम्ही नुसत्या घशाने ओरडायचो आणि मागच्या रांगेतले लोक उठून जायचे.

अशात एक दिवस नंदुरबारच्या आमच्या ऑफिससमोर एक जुनी पांढरी ॲम्ब्युलन्स येऊन थांबली. बाजूचं लाल चिन्ह खरवडून काढलेलं, तरी त्याचा फिका डाग राहिलेला. आतून एक बुटका, रुंद खांद्यांचा म्हातारा उतरला. डोक्यावर गांधी टोपी, खिशात टेस्टर. आम्ही 'कोण पाहिजे' विचारायच्या आत तो अहिराणीत म्हणाला, "तुम्हनाकडे भोंगा शे, मन्हाकडे करंट शे. बोला."

हे बन्सी नाना.

गाडी म्हणजे त्यांचं घरच होतं. स्ट्रेचरच्या जागी पलंग, पलंगाखाली डबे, कोपऱ्यात शेगडी, वर छोटा पंखा. छतावर सोलरचं पॅनल. पलंगाच्या पायथ्याशी एक भलीमोठी बॅटरी, आणि चालकाच्या सीटमागे इन्व्हर्टर. इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. दोघींच्या मधे एक रिले, म्हणजे आपोआप चालणारा दरवाजा: इंजिन चालू असलं की उघडतो आणि घरच्या बॅटरीलाही चार्जिंग मिळतं, इंजिन बंद, की दरवाजा बंद. "गाडीनी गाडीले, घरनी घरले," नाना म्हणायचे. "पाहुणानी चूलमा हात घालाना नही." रात्रभर पंखा लावून झोपलं तरी सकाळी गाडी स्टार्ट होणार, हा त्यांचा अभिमान. आणि नाना अभिमानी होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आपली वायर किती जाड आहे हे ते परक्या माणसालाही दाखवायचे. लोक जसा नातवाचा फोटो दाखवतात तसा.

मला ते 'पत्रक' म्हणायचे. मी पत्रकं लिहायचो म्हणून. "काय पत्रक, आज कोन्हावर?" आज कुणावर तुटून पडणार, असा अर्थ. आमची सविता गाणी म्हणायची, तिला मात्र 'माय'. तिला ते चहा द्यायचे. मलाही द्यायचे, पण वर टोमणा.

त्यांचे दोन नियम होते. त्यावरून आमची रोज बाचाबाची व्हायची. पहिला: कोणत्याही गावात कुणाच्याही घरातून वायर घ्यायची नाही. दुसरा: कुणाकडे जेवायचं नाही. आम्ही कार्यकर्ते गावात मिळेल त्या ओट्यावर झोपायचो, मिळेल ते खायचो. तीच तर आमची शान होती. नाना गाडीत आपली भाकर आणि ठेचा काढून बसायचे. पाणीसुद्धा स्वतःचं. मला हा मोठ्या शेतकऱ्याच्या घरातला माज वाटायचा. एकदा तोंडावर म्हणालो, "नाना, लोकांच्या घरचं खायला तुम्हाला कमीपणा वाटतो का?"

"वाटस," नाना म्हणाले. "कमीपणाच वाटस." आणि भाकर मोडली.

मी ते उत्तर माझ्या बाजूचा पुरावा म्हणून धरलं. किती सोयीचं!

गाडीच्या विजेत रोज काहीतरी बिघडायचं, त्याला बहुधा आम्हीच कारणीभूत. सविताने एकदा पाणी गरम करायची इलेक्ट्रिक किटली लावली, आणि इन्व्हर्टर कुत्र्याचं शेपूट दारात सापडल्यासारखा किंचाळायला लागला. किटलीचं समजलं. पण पुढच्या आठवड्यात नुसत्या भोंग्यावरही तो किंचाळू लागला. मी लगेच निकाल दिला: इन्व्हर्टर बोगस आहे, दुकानदाराने म्हाताऱ्याला फसवलं, चला दुकानावर. निषेधाचा मजकूर माझ्या डोक्यात तयारसुद्धा होता.

नानांनी मला हाताला धरून पलंगाच्या पायथ्याशी बसवलं आणि व्होल्टेज मोजायच्या मीटरच्या दोन सुया हातात दिल्या. "जो वरडस तो चोर नही, पत्रक. चोर गुपचूप ऱ्हास. पहिले मोज, मंग बोंब मार."

भोंगा चालू ठेवायला लावला. एक सुई बॅटरीच्या खांबावर, म्हणजे टर्मिनलवर, दुसरी त्याच खांबावर आवळलेल्या वायरच्या टोकावर. "आठे शून्य येवाले पाहिजे. दोन्ही एकमेकले चिकटेल शेतस ना?" इथं शून्य आलं. मग पुढचा सांधा, तिथंही शून्य. मग बॅटरीची दुसरी वायर जिथं गाडीच्या पत्र्याला बोल्टाने कसली होती तिथं. शून्य नव्हतं. नानांनी बोल्ट काढला. खाली पत्र्यावर रंग तसाच होता. ॲम्ब्युलन्स रंगवणाऱ्याने बोल्टाच्या जागेवरही ब्रश फिरवलेला. रंगामुळे करंट अडत होता, तिथंच व्होल्टेज पडत होतं, आणि पलीकडे उपाशी राहणारा इन्व्हर्टर बिचारा बोंब मारत होता. नानांनी पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला आणि बोल्ट पुन्हा कसला. किंचाळणं बंद.

ती पद्धत मला आवडली, खोटं का बोलू. वरडणाऱ्याला सोडायचं, मुळापासून सुरुवात करायची, एकेक सांधा मोजत पुढे जायचं. त्यानंतर नाना बिघाड शोधायला मलाच बसवू लागले आणि स्वतः शेजारी बसून तंबाखू मळायचे. 'सापडत नही' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. एकदा सोडून. त्यावर येतोच.

त्याआधी मिरचीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्या दिवशी मी त्यांना पोटभर हसताना पाहिलं. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे लाल मिरच्या वाळत घालतात त्या मैदानावर, देठ खुडणाऱ्या बायांची सभा होती. दोन दिवस गाडी तिथंच उभी. इन्व्हर्टरला थंड ठेवायला आत पंखा असतो; तो दोन दिवस इमानदारीत मिरचीची धूळ ओढत बसला. तिसऱ्या दिवशी सविताने गाण्याला सूर लावला, इन्व्हर्टर तापला, पंखा जोरात फिरला, आणि आत साठलेला सगळा माल गाडीच्या उघड्या दारातून थेट आमच्या तोंडावर. सविता शिंकते, मी खोकतो, भोंगा ते सगळं पथारीभर ऐकवतो. बाया देठ खुडायचं सोडून हसत सुटल्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "आम्ही रोज हाई खातस, आज तुम्ही खा!" नानांनी नंतर इन्व्हर्टर उघडला, ब्रशने झाडला, आणि कागदावर जमलेली लाल पूड माझ्यापुढे धरली. "घे. भाजीले व्हई."

त्याच दिवसांत मी ते पत्रक लिहिलं. 'वीजचोर कोण?' माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रक. त्यात एक परिच्छेद होता, शहाद्याच्या एका बैठकीत ऐकलेला. ब्राह्मणपुरीच्या पुढच्या एका गावातली जुनी गोष्ट. गावाचं नाव आता लिहीत नाही. तेव्हा ठळक अक्षरात छापलं होतं.

गोष्ट अशी. एका घरी मुलीचं लग्न. हळदीच्या मांडवात उजेड हवा, म्हणून गावच्या वायरमननेच खांबावरच्या तारेवर आकडा टाकून दिला. मी आहे ना, म्हणाला. पंगतीत मानाच्या पाटावर बसून जेवला. तेवढ्यात वीजचोरी पकडणाऱ्या पथकाची जीप आली. आकडा कोणी टाकला, असं साहेबाने विचारलं. वायरमनने नवरीच्या बापाकडे बोट दाखवलं. बापाला हळदीच्या मांडवातून उचलून नेलं. दुसऱ्या दिवशी कन्यादान काकाने केलं.

वायरमनचं नाव बैठकीत कुणालाच आठवत नव्हतं. गावात त्याला नाव नसतंच, तो 'वायरमन'. मी लिहिलं: 'पुरणपोळीवर ताव मारून ज्याने खाल्ल्या घरचे वासे मोजले, तो चोर की तो बाप चोर?'

छापायच्या आधी पत्रक नानांना दाखवलं. ते वीज कंपनीतून निवृत्त झालेले वायरमन होते, हे आम्हाला माहीत होतं. त्यांना राग येईल, वाद होईल, मजा येईल, असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. मग परिच्छेदावर नख ठेवलं.

"आठे एक चूक शे. हळदले आपलाकडे पुरनपोळी नही ऱ्हास. वरन-बट्टी ऱ्हास. वांगानी भाजी ऱ्हास."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

मी 'पुरणपोळी' खोडून 'वरण-बट्टी' केलं. आणि सविताला म्हणालो, म्हाताऱ्याला गोष्टीचं काही नाही, जेवणाचं पडलंय.

पुढचे कितीतरी दिवस तो परिच्छेद मी गावोगाव वाचला. अक्कलकुव्याकडे वाचला, तळोद्याकडे वाचला. वाचायचो म्हणजे काय, गाजवायचो. 'त्याने बोट दाखवलं' इथं मी थांबायचो, स्वतःचं बोट गर्दीवर रोखायचो. लोक 'शेम शेम' ओरडायचे. बाया बोटं मोडायच्या. आणि गाडीत इन्व्हर्टरशेजारी स्टुलावर बसून नाना मीटरकडे बघत असायचे. आवाज जरा कमी पडला तर लगेच वायर चाचपायचे. त्या परिच्छेदात करंट एकदाही कमी पडला नाही. माझ्या आवाजाला बळ कुठून येत होतं, हे आज कळतं. तेव्हा मी टाळ्या मोजत होतो.

मग त्याच गावचा कार्यक्रम ठरला. मीच ठरवला. जिथं घडलं तिथंच वाचायचं, आणि नवरीचा बाप, रतन जिभाऊ, अजून हयात आहेत. त्यांना समोर बसवायचं. त्यांच्या तोंडावर त्यांची अब्रू पुन्हा एकदा चव्हाट्यावर मांडायची, आणि तिला न्याय म्हणायचं. जिभाऊंना विचारावं असं कुणाला सुचलं नाही. आम्ही लोकांच्या वतीने बोलणारे. लोकांना कशाला विचारतो?

नाना म्हणाले, गिअर अडकतोय. मी म्हणालो, ढकलत नेऊ. नाना म्हणाले, दोन दिवस ढग आहेत, बॅटरी भरणार नाही. मी म्हणालो, मग इंजिन चालवून भरा. इंजिन चालवत नेली त्यांनी गाडी, आणि बॅटरी भरलीही. मीच मोजली होती.

मारुतीच्या पारासमोर सभा, दिवस मावळतीला. समोरच जिभाऊंचं घर. उंच, वाळकी अंगकाठी, पांढरी मिशी. जिभाऊ स्वतःच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले. पुढे आले नाहीत. सविताचं गाणं झालं. मी पत्रक उघडलं, सुरुवात केली, बिलं झाली, ट्रान्सफॉर्मर झाला. "आता याच गावची गोष्ट," मी म्हणालो, आणि भोंगा गप्प झाला.

गाडीकडे गेलो. नाना दारात उभे. "सापडत नही," ते म्हणाले. "कार्यक्रम उद्या घ्या."

गाडीत अजून इन्व्हर्टरला हातही लागला नव्हता. मी त्यांना बाजूला सारलं आणि मीटर घेतला. तेच, त्यांनीच शिकवलेलं. बॅटरीच्या खांबांवर सुया: भरलेली. इन्व्हर्टरच्या तोंडाशी सुया: शून्य, काहीच नाही. म्हणजे मधे कुठेतरी. वायर धरून मागे आलो. सांधा पक्का. पुढे फ्यूजची डबी. झाकण उघडं. फ्यूजची जागा रिकामी.

निळा, दोन पात्यांचा, निम्म्या काडेपेटीएवढा फ्यूज. तो कुठं असेल हे शोधायला मीटर लागत नाही. नानांची उजवी मूठ बंद होती.

"नाना, मुद्दाम?" माझा आवाज चढला. "इतकी गावं झाली, आणि नेमकं इथं? कुणाला वाचवताय?"

त्यांनी मूठ उघडली नाही. गाडीच्या अंधारात खाली बघत, हळू म्हणाले, "तो वायरमन मीच शे, भाऊ."

पहिल्यांदाच मला 'भाऊ' म्हणाले.

वरण-बट्टी. मला एवढंच आठवलं. मी 'बस? एवढंच?' म्हणालो होतो. आणि कमीपणा वाटतो का, असं विचारलं तेव्हा त्यांनी सरळ उत्तर दिलं होतं. मला ऐकू आलं नव्हतं. ज्या घराने जेवू घातलं त्या घराला आपण काय केलं, हे जाणणारा माणूस पुन्हा कुणाच्या घरची भाकर आणि कुणाच्या घरचा करंट घेणार नव्हता. त्यासाठी त्याने अख्खं घर चाकांवर बांधलं होतं. आणि त्याच घराच्या छतावर माझा भोंगा.

बाहेर लोक चुळबुळत होते. मी कागद हातात धरून तसाच उभा होतो. तेवढ्यात दाराशी जिभाऊ आले. हातात गुंडाळलेली पिवळी वायर, टोकाला बोर्ड. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वायर नानांपुढे धरली.

"ले. मन्ही शे. मीटरवरनी शे. आकडा नही."

त्यांनी ओळखलं होतं. गाडीतून उतरतानाच ओळखलं असणार. टोपी आणि केस बदलतात, पण पाठ बदलत नाही.

नानांनी वायर घेतली. भोंग्याची पिन पहिल्या फटक्यात बसली. हाताला सवय होती. भोंगा खरखरला. मी माइकसमोर गेलो, ते पान उलटलं आणि पुढचं वाचणार, एवढ्यात नानांनी माझ्या हातातून कागद घेतला. इतक्या गावांत कधी माइकला शिवले नव्हते. 'मी फक्त करंट देणार,' म्हणायचे. त्यांनी चष्मा लावला. मी छापलेलं वाचायला लागले, शाळेतल्या पोरासारखं, एकेक शब्द, प्रमाण मराठीत. फक्त जिथं 'वायरमनने' होतं तिथं 'मी' म्हणत गेले. 'मी मानाच्या पाटावर बसून जेवलो.' 'मी बोट दाखवलं.' मग थांबले. कागदावर नव्हतं ते बोलले.

"हात धुयेल नव्हता. खरकटा हातनं बोट दखाडं."

कुणी शेम शेम म्हणालं नाही. पारावरची एक म्हातारी तोंडाला पदर लावून बसली होती.

"बस," जिभाऊ म्हणाले. ते गाडीला टेकून उभे होते. "गावले बठ्ठं माहीत शे. मले सांगू नको. मन्ही मंगलले आजबी सासरमा आकडावाली म्हनतस. जे सांगनं शे ते तिले सांग."

एवढं बोलून ते घरात गेले. माफ केलं नाही. का करावं?

सभा तिथंच संपली. नानांनी जिभाऊंची वायर कोपर आणि अंगठ्याभोवती गुंडाळली, वायरमन लोक गुंडाळतात तशी, फडक्याने पुसत पुसत, आणि ओट्याच्या पायरीवर ठेवून आले. फ्यूज माझ्या हातात दिला. मी तो बसवला. त्याचं मला काय कौतुक वाटणार होतं! मला स्वतःची इतकी घृणा वाटत होती, की पत्रकाचा उरलेला गठ्ठा मी पलंगाखाली सारला, नानांच्या डब्यांमागे. तो अजून तिथंच आहे. जाळायचं धाडस झालं नाही आणि वाटायचंही. संघटनेच्या बैठकीत मी त्या परिच्छेदाचा विषय काढला तेव्हा एक जण म्हणाला, 'पण गोष्ट खरी आहे ना?' खरी आहे. खरी गोष्टसुद्धा चोरता येते, हे त्याला कसं समजावू? आम्ही जिभाऊंच्या पोरीची गोष्ट न विचारता तारेवरून ओढली, आणि तिच्यावर आमचा मांडव उजळला.

नाना आता आमच्यात नाहीत. म्हणजे आहेत कुठेतरी; गाडी आमच्याकडे ठेवून गेले, परत आले नाहीत. मंगल काय म्हणाली, त्यांना दारात उभं केलं की नाही, मला माहीत नाही, आणि यावेळी मी ते विचारत हिंडणार नाही.

शेवटचे दिसले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मंगलचं सासर म्हसावदकडे. नाना गाडीची किल्ली फिरवणार, तर जिभाऊ मोटारसायकल घेऊन समोर आले. "ती गाडीमा नको येऊ," म्हणाले. "आनि तुले घर सापडाव नही. बठ मांगे."

नाना उतरले. सवयीने भाकरीच्या फडक्याकडे हात गेला, पाण्याच्या बाटलीकडे गेला. दोन्ही तिथंच ठेवलं. रिकाम्या हाताने मागे बसले. बसले खरे, पण हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. मांडीवर ठेवले, मग मागच्या कॅरिअरला धरले, मग पुन्हा मांडीवर. मोटारसायकल पारावरून वळली, खड्ड्यात आपटली, आणि नानांनी घाईने जिभाऊंचा खांदा धरला.

जिभाऊंनी खांदा झटकला नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. रस्ता खराब होता. ते नीट बघून चालवत होते.